पाळणाघरातील बालकांचे श्वसनसंसर्ग : औषधाच्या बाटलीपेक्षा प्रतिबंधावर भर हवा

थंडीचे दिवस सुरू झाले की पाळणाघरांमध्ये सर्दी-खोकल्याची साथ हमखास पसरते. एका मुलाचे नाक वाहू लागले की आठवड्याभरात निम्मी मुले आजारी पडतात. त्यानंतर पालकांच्या रजा, दवाखान्याच्या फेऱ्या आणि खोकल्याच्या औषधांची खरेदी असे चक्र चालू होते. बहुतेक वेळा हा आजार आपोआप बरा होतो. मात्र काही बालकांमध्ये त्याचे रूपांतर न्यूमोनियात होते, आणि कधी कधी आजारापेक्षा त्यावर दिलेले औषधच घातक ठरते.

जबलपूर विभागाने या दुसऱ्या धोक्याचा अत्यंत वेदनादायी अनुभव २०२५ मध्ये घेतला. या विभागातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया परिसरात, सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत साध्या सर्दी-तापाने आजारी असलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार करण्यात आले. या मुलांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के इतक्या प्रमाणात असल्याचे तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने केलेल्या तपासणीत आढळले. औषधांत या रसायनाची मान्य मर्यादा ०.१ टक्के इतकी आहे. या दुर्घटनेत २० हून अधिक बालकांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होती.

भेसळीचा दोष उत्पादनाचा आणि तपासणी यंत्रणेचा होता, हे उघड आहे. परंतु या घटनेने आणखी एक प्रश्न पुढे आणला : लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याला मुळात अशा औषधाची गरज असते काय? आणि हे आजार होऊच नयेत, निदान कमी व्हावेत, यासाठी काय करता येईल? घराबाहेर दिवसाचे आठ-दहा तास एकत्र राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पाळणाघरातच संसर्ग अधिक का?

पाच वर्षांखालील मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सामान्य बाब मानली जाते. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांमध्ये, विशेषतः पहिल्या वर्षी, हे प्रमाण त्याहून अधिक असते. याचा अर्थ मूल अशक्त आहे किंवा पाळणाघर वाईट आहे, असा नव्हे. आईकडून जन्मतः मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते आणि मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती एकेका विषाणूशी ओळख होत घडत जाते. सर्दी निर्माण करणारे विषाणू एक-दोन नसून दोनशेहून अधिक आहेत. घरात एकटे वाढणाऱ्या मुलाची या विषाणूंशी गाठ सावकाश पडते, तर पाळणाघरातील मुलाची ती एकदम पडते. लहानपणी मोठ्या पाळणाघरात राहिलेल्या मुलांना पुढे शाळेच्या पहिल्या वर्षांत सर्दी कमी होते, असे दीर्घकालीन अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि वय जितके लहान, तितका धोका अधिक. एक वर्षाखालील बालकाच्या श्वासनलिका अतिशय अरुंद असतात. थोडी सूज आणि थोडा चिकट द्राव एवढ्यानेही त्या बंद होऊ शकतात. 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस' अर्थात आरएसव्ही हा विषाणू मोठ्या माणसात केवळ सर्दी निर्माण करतो. तोच सहा महिन्यांच्या बालकाला घरघर, धाप आणि रुग्णालय इथपर्यंत नेऊ शकतो. मुदतपूर्व जन्मलेली, कमी वजनाची, कुपोषित किंवा जन्मजात हृदयविकार असलेली बालके या दृष्टीने सर्वाधिक नाजूक असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने मरण पावली. या वयोगटातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. त्यामुळे सर्दीला घाबरण्याचे कारण नसले, तरी न्यूमोनियाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

संसर्ग पसरतो कसा?

श्वसनाचे आजार तीन मार्गांनी पसरतात. पहिला मार्ग खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांचा. दुसरा मार्ग बंद खोलीत दीर्घकाळ तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा. तिसरा मार्ग हातांचा, आणि लहान मुलांच्या बाबतीत तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. मूल नाक पुसते, तोच हात खेळण्याला लावते; दुसरे मूल ते खेळणे तोंडात घालते. आरएसव्हीसारखा विषाणू कठीण पृष्ठभागावर कित्येक तास टिकून राहू शकतो.

या साखळीत सांभाळणाऱ्या व्यक्तीचा हात हा महत्त्वाचा दुवा आहे. एकाच पदराने किंवा एकाच रुमालाने चार मुलांची नाके पुसली जाणे, एका मुलाचे लंगोट बदलून लगेच दुसऱ्याला भरवणे, दुधाच्या बाटल्यांची अदलाबदल होणे या नित्याच्या गोष्टींमधूनच साथ पुढे सरकते.

जबलपूरचा हिवाळा आणि बंद खिडक्या

नर्मदाकाठच्या जबलपूर शहरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. तोफगाडी कारखाना, वाहन कारखाना, खमरिया येथील आयुध निर्माणी यांमुळे या शहरात कामाच्या पाळ्यांनुसार जगणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या काळापासून नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही येथे आहेत. आजी-आजोबा दूर आणि आई-वडील दोघेही नोकरीत, अशा घरांना पाळणाघराचा आधार घ्यावाच लागतो.

थंडी वाजू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेणे हा या ऋतूतील स्वाभाविक उपाय वाटतो. प्रत्यक्षात थंड हवेमुळे संसर्ग होत नाही. थंडीमुळे माणसे बंद खोलीत दाटीने बसतात आणि त्यामुळे संसर्ग वाढतो. त्यातच उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीत ठेवली, तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन धोक्यांची भर पडते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन असून बंद खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो.

बाहेरच्या हवेबाबत जबलपूरने अलीकडे चांगली कामगिरी केली आहे. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांमध्ये त्याला दुसरा क्रमांक मिळाला होता. परंतु मूल श्वास घेते ती हवा प्रामुख्याने खोलीतील असते. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांचा परिणाम तेथे थेट होतो. डासांची एक कॉइल जळताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असू शकतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. पाळणाघरात कॉइलऐवजी जाळी आणि मच्छरदाणी वापरणे म्हणूनच श्रेयस्कर आहे.

मराठी घरांतील एका जुन्या प्रथेचाही येथे विचार करायला हवा. न्हाऊ घातल्यानंतर बाळाला ओवा, लसणीची टरफले यांची धुरी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. हेतू चांगला असला तरी निखाऱ्याचा धूर हा तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना अपायकारकच असतो. तीच गोष्ट नाकात तेल घालण्याची. तेलाचे थेंब फुप्फुसात उतरल्यास वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो.

पाळणाघराने काय करावे?

प्रतिबंधाचे उपाय खर्चिक नाहीत. त्यांना नियमितपणा लागतो. पुढील बाबी प्रत्येक पाळणाघराला अमलात आणता येण्याजोग्या आहेत.

हात धुणे : मुले आल्यावर, खाण्यापूर्वी, शौचानंतर, नाक पुसल्यानंतर आणि बाहेर खेळून आल्यावर साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. सेविकांनी लंगोट बदलल्यावर आणि भरवण्यापूर्वी हात धुणे अनिवार्य मानावे. हिवाळ्यात कोमट पाणी उपलब्ध असल्यास मुले टाळाटाळ करीत नाहीत.

मोकळी हवा : समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. मुलांना स्वेटर आणि टोपी घालून हवा खेळती ठेवणे, हे खोली बंद करून गरम ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे. सकाळचे कोवळे ऊन आल्यावर मुलांना अंगणात खेळवावे.

झोपण्याची जागा : अंथरुणांमध्ये सुमारे तीन फुटांचे अंतर असावे आणि एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाकडे येईल अशी मांडणी करावी. दुपटे, पांघरूण आणि उशी ज्याची त्यालाच द्यावी.

खेळणी : तोंडात घातलेले खेळणे लगेच बाजूला काढून धुवावे. तान्ह्या बाळांची खेळणी रोज साबणाच्या पाण्याने धुवावीत. साथीच्या दिवसांत कापडी आणि केसाळ खेळणी बंद ठेवणे इष्ट. दारांच्या कड्या, नळ आणि टेबले दिवसातून एकदा सौम्य जंतुनाशकाने पुसावीत.

नाक आणि खोकला : प्रत्येक मुलाचा रुमाल वेगळा असावा, किंवा एकदा वापरून टाकण्याजोगा कागद वापरावा. दोन-तीन वर्षांच्या मुलांना कोपरात खोकण्याची सवय खेळातून लावता येते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टीची सक्ती करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मात्र सर्दी झालेल्या सेविकेने मुखपट्टी जरूर वापरावी.

गट लहान ठेवणे : एक वर्षाखालील बालकांना मोठ्या मुलांपासून वेगळ्या खोलीत ठेवावे आणि शक्यतो त्यांची सेविकाही ठरलेली असावी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये जारी केलेल्या किमान मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांखालील दर १० मुलांमागे आणि तीन वर्षांवरील दर २० मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, तसेच प्रत्येक बालकासाठी १० ते १२ चौरस फूट जागा अपेक्षित आहे. ही प्रमाणे केवळ सोयीची नाहीत. दाटी कमी झाली की संसर्ग कमी होतो.

आजारी मुलाला घरी कधी ठेवावे?

नोकरदार पालकांपुढील हा सर्वांत कठीण प्रश्न आहे. केवळ नाक वाहते म्हणून प्रत्येक मुलाला घरी पाठवल्यास पाळणाघर चालणार नाही आणि त्याचा फारसा लाभही होत नाही, कारण लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच विषाणू पसरू लागलेला असतो. त्यामुळे मूल खेळत असेल, खात असेल आणि ताप नसेल, तर साध्या सर्दीत त्याला येऊ द्यायला हरकत नाही.

मात्र ताप असल्यास, मूल सुस्त किंवा सतत किरकिरे असल्यास, श्वास जलद चालत असल्यास अथवा त्याला नेहमीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागत असल्यास घरीच ठेवावे. फ्लूमध्ये औषधाशिवाय ताप उतरून २४ तास झाल्यावरच मुलाला परत पाठवावे. गोवराची पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, आणि डांग्या खोकल्यात प्रतिजैविक सुरू केल्यापासून पाच दिवस मुलाला वेगळे ठेवणे आवश्यक आहे. तापाचे औषध पाजून मुलाला पाळणाघरात सोडणे ही सवय घातक आहे. दुपारपर्यंत औषधाचा अंमल उतरतो आणि तोपर्यंत इतर मुलांना संसर्ग झालेला असतो. येथे केवळ पालकांना दोष देऊन चालणार नाही. मुलाच्या आजारपणासाठी रजा मागणाऱ्या आईकडे आणि वडिलांकडे कार्यालये कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर हा नियम पाळला जाणे अवलंबून आहे.

लसीकरण : सर्वांत भक्कम कवच

न्यूमोनियाच्या दोन प्रमुख जिवाणूंविरुद्ध शासकीय केंद्रांत लस विनामूल्य मिळते. पेंटाव्हॅलेंट लसीत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा 'बी' या जिवाणूविरुद्धचा घटक असतो. ती ६, १० आणि १४ आठवड्यांच्या वयात दिली जाते. न्यूमोकॉकल लस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. मध्य प्रदेशात ती २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार करण्यात आला. सहा आठवडे, १४ आठवडे आणि नऊ महिने या वयात तिचे डोस दिले जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली भारतीय बनावटीची न्यूमोकॉकल लस डिसेंबर २०२० मध्ये उपलब्ध झाली.

गोवर-रुबेला लसीचे दोन डोस आणि डांग्या खोकल्याविरुद्धचे वर्धक डोस वेळेवर घेणे तितकेच महत्त्वाचे आहे. कारण गोवर आणि डांग्या खोकला या दोहोंची परिणती न्यूमोनियात होऊ शकते. फ्लूची लस राष्ट्रीय कार्यक्रमात नाही. तथापि सहा महिने ते पाच वर्षे या वयात ती दरवर्षी घ्यावी, अशी शिफारस भारतीय बालरोग तज्ज्ञांची संघटना करते. भारतात फ्लूची लाट पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात दिसत असल्याने पावसाळ्यापूर्वी लस घेणे उचित ठरते. पाळणाघराने प्रवेशाच्या वेळी लसीकरण पत्रिका पाहून तिची नोंद ठेवावी. सेविकांनीही फ्लूची लस घेतल्यास तान्ह्या मुलांचे अप्रत्यक्ष संरक्षण होते.

लसीइतकेच मोल आईच्या दुधाचे आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान केलेल्या बालकांना न्यूमोनियाचा धोका कमी असतो. कामावर परतलेल्या आईने काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवून वाटी-चमच्याने पाजता येते.

श्वास मोजा : गडचिरोलीचा धडा

सर्व काळजी घेऊनही मूल आजारी पडले, तर साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी नेहमीच यंत्रांची गरज नसते, हे महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने जगाला दाखवले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ५८ गावांमध्ये आरोग्यसेवक आणि पारंपरिक सुईणींना बालकांचा श्वास मोजण्यास आणि न्यूमोनिया आढळल्यास प्रतिजैविक देण्यास शिकवले. या भागात बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते, अशा स्त्रियांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे उपकरणही बंग दांपत्याने तयार केले होते.

हीच पद्धत पाळणाघरातील सेविकेला आणि पालकांना सहज शिकता येते. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचे कपडे वर करून पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते १२ महिन्यांच्या बालकात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास आढळल्यास त्याला जलद श्वास समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, शांत असतानाही घशातून आवाज येणे, ओठ निळे पडणे, दूध किंवा पाणी न घेता येणे, प्रत्येक वेळी उलटी होणे, झटके येणे किंवा मूल जागे न होणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बालकाला ताप आल्यासही थांबू नये.

औषध कोणते, आणि कोणते नाही?

छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जारी केलेल्या सूचनेत स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे उपयुक्त मानली जात नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले होते. हे निर्देश सर्वच कंपन्यांच्या औषधांना लागू आहेत. भेसळ नसलेले औषधही या वयात खोकला लवकर बरा करत नाही, हे त्यामागील मुख्य कारण आहे.

बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. पुरेशी विश्रांती, वारंवार थोडे थोडे दूध, पेज किंवा सूप, नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणि ताप असल्यास वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल एवढे पुरेसे असते. एक वर्षावरील मुलाला थोडा मध देता येतो. त्याखालील बालकाला मध देऊ नये. लहान मुलांना गरम पाण्याची वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. कापूर तर त्यांच्या हाती लागणार नाही अशाच ठिकाणी ठेवावा, कारण तो गिळल्यास झटके येऊ शकतात.

पाळणाघरांनी स्वतःच्या कपाटात खोकल्याची बाटली ठेवू नये. पालकांनी दिलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुलाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहून दिल्याशिवाय पाजू नये. उरलेले औषध दुसऱ्या मुलाला देणे तर कटाक्षाने टाळावे.

कायदा आणि जबाबदारी

पाळणाघर ही केवळ खासगी सोय नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती, आणि त्या तरतुदीतच पुरेशी जागा, उजेड, हवा आणि स्वच्छता यांचा आग्रह होता. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. स्तनपान चालू राहावे यासाठी या चार भेटी मोलाच्या आहेत. 'मिशन शक्ती'अंतर्गत २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या 'पालना' योजनेतून अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरेही सुरू करण्यात आली. बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'सांस' या केंद्रीय मोहिमेतही प्रतिबंध, वेळीच ओळख आणि उपचार या तिन्ही गोष्टींवर भर आहे.

तरीही गल्लोगल्ली घरगुती स्वरूपात चालणाऱ्या असंख्य पाळणाघरांपर्यंत या तरतुदी पोहोचतातच असे नाही. तेथे पालकांनी विचारलेले प्रश्न हीच खरी तपासणी ठरते. मुलाला दाखल करण्यापूर्वी खिडक्या उघडतात काय, हात धुण्याची जागा मुलांच्या उंचीची आहे काय, एका सेविकेकडे किती मुले आहेत, खोलीत शेगडी किंवा कॉइल लावली जाते काय, मूल आजारी पडल्यास किती वेळात कळवले जाते, हे अवश्य विचारावे. या प्रश्नांची उत्तरे द्यायला पाळणाघराला संकोच वाटत असेल, तर पालकांनी दुसरे पाळणाघर पाहावे.

सर्दी पूर्णपणे टाळणे कोणालाच शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु धुतलेले हात, उघडी खिडकी, वेळेवर घेतलेली लस आणि मिनिटभर मोजलेला श्वास यांमुळे सर्दीचे पर्यवसान न्यूमोनियात होणे बहुतांशी रोखता येते. छिंदवाड्यात दगावलेल्या मुलांचे आजार सुरुवातीला साधेच होते. पुढच्या हिवाळ्यात एखादे मूल खोकू लागेल तेव्हा बाटलीकडे हात जाण्यापूर्वी ही गोष्ट आठवायला हवी.